पिशवी पोटावर आली, पण आत राहिलेल्या गुदाशयाचं काय?

आजचा विषय संकोचाचा आहे. घरात सासरे, दीर बसले असतील तर रेडिओचा आवाज थोडा कमी करा, पण बंद करू नका. परसाकडच्या वाटेबद्दल बोलायचं आहे. ही वाट आजाराने बिघडते, तेव्हा बाईला काय काय ठरवावं लागतं आणि ते ठरवायची वेळ तिच्यावर कशी आली, याचा इतिहास मी आज सांगणार आहे.

आधी शरीराचं थोडं समजून घेऊ. आपलं मोठं आतडं साधारण पाच फूट लांब असतं. त्याचा शेवटचा जेमतेम वीतभर भाग म्हणजे गुदाशय. शौच बाहेर पडण्याआधी तिथे थांबतं आणि 'आता जायला हवं' ही जाणीव तिथूनच होते. काही आजारांत मोठं आतडं काढावं लागतं. मग डॉक्टर आतड्याचं टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर आणतात. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात आणि त्यावर पिशवी चिकटवतात. लहान आतड्याचं तोंड असेल तर ती इलिओस्टोमी, मोठ्या आतड्याचं असेल तर कोलोस्टोमी. पुष्कळदा अशा वेळी खालचा गुदाशय काढत नाहीत. वरून शिवून बंद करतात आणि आत तसाच ठेवतात. वर्ष-दोन वर्षांनी डॉक्टर विचारतात, 'हा ठेवायचा की काढायचा?'

हा प्रश्न मला कळला तो निफाड तालुक्यातल्या आमच्या गटातल्या एका ताईमुळे. नाव सांगत नाही, तिनेच नको म्हटलंय. वय एकोणतीस, एक मुलगी. तिला अल्सरेटिव्ह कोलायटिस होता, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा. दिवसात पंधरा-पंधरा वेळा रक्त आणि आव पडायची. औषधं लागू पडेनात आणि एका रात्री पोट फुगलं. तातडीने मोठं आतडं काढलं, इलिओस्टोमी झाली, गुदाशय ठेवला. दोन वर्षांनी डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला. नवरा म्हणाला, आता परत चिरफाड नको. सासूबाई म्हणाल्या, एकदाच काय ते काढून टाका, रोजची कटकट जाईल. ताई गप्प होती. बैठकीनंतर मला बाजूला घेऊन म्हणाली, 'ताई, तो ठेवलाच का होता, हे मला कुणी सांगितलंच नाही.'

तो का ठेवतात, याचं उत्तर शोधायला मागे जावं लागतं.

पोट उघडून आतड्याला हात घालायचं धाडस आपल्याकडे फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेत आतडं अडलेल्या माणसाचं पोट बेंबीच्या खाली डाव्या अंगाला चिरावं, अडथळा काढावा आणि आतडं परत आत ठेवून शिवावं, असं वर्णन आहे. फुटलेल्या आतड्याच्या कडा मोठ्या काळ्या मुंग्यांना चावायला लावून जोडायच्या आणि मुंग्यांची डोकी तशीच ठेवायची, हेही त्यात आहे. पण आतड्याला पोटावर कायमचं तोंड करून द्यायचं, हा विचार त्यात नाही.

तो विचार १७१० साली फ्रान्समध्ये अलेक्सी लित्र नावाच्या वैद्याला सुचला. जन्मतःच खालची वाट नीट तयार न झालेलं सहा दिवसांचं बाळ दगावलं होतं. ते तपासताना त्याने लिहून ठेवलं, की अशा वेळी आतडं पोटावर आणून उघडता येईल. सुचलेलं करून बघायला पुढे साठेक वर्षं गेली. १७७६ साली रुआं गावच्या पिलोरने एका दारूच्या व्यापाऱ्याचं आतडं पोटावर उघडलं. त्याच्या गुदाशयात गाठ होती आणि शौच पूर्ण अडलं होतं. तोंडावर स्पंज बांधून ठेवायचा, ही त्या काळची पिशवी. वाट चालू झाली, पण माणूस अठ्ठाविसाव्या दिवशी गेला. शौच खाली ढकलावं म्हणून त्याला आधी पारा पाजलेला होता आणि तो आतड्यात साचून राहिला होता. १७९३ साली ब्रेस्तच्या दुरे या सर्जनने तीन दिवसांच्या बाळावर हेच केलं. ते बाळ पंचेचाळीस वर्षं जगलं. भुलीचं औषध यायला अजून पन्नासेक वर्षं होती, हे लक्षात घ्या.

मला या सगळ्यांपेक्षा इंग्लंडची एक बाई जास्त आवडली. मार्गारेट व्हाइट तिचं नाव. पन्नाशीत बेंबीतून आतडं बाहेर यायला लागलं आणि ते तिने तेवीस वर्षं तसंच वागवलं. त्र्याहत्तराव्या वर्षी ते फुटलं. चेसल्डन नावाच्या सर्जनने सडलेला भाग काढला आणि चांगल्या आतड्याचं तोंड बेंबीपाशीच राहू दिलं. ती पुढे पुष्कळ वर्षं जगली. पिशवी नाही, डिंक नाही, फक्त कपडा. त्या म्हातारीने रोजचं कसं केलं असेल, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. ते लिहायचं कुणाला सुचलं नसावं.

आता गुदाशयाकडे येऊ. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गुदाशयाचा कर्करोग झाला तर सर्जन फक्त खालून, बसायच्या जागेकडून गाठ काढायचे. लंडनच्या अर्नेस्ट माइल्सने आपल्याच रुग्णांचा हिशोब मांडला तेव्हा सत्तावन्नपैकी चोपन्न जणांना रोग परत झाला होता. माणूस प्रामाणिक. स्वतःचं अपयश त्याने छापून टाकलं. मग १९०८ साली त्याने नवी पद्धत सांगितली. पोटातून आणि खालून, दोन्हीकडून जाऊन पूर्ण गुदाशय आणि भोवतालच्या गाठी काढायच्या, खालची जागा शिवून बंद करायची आणि पोटावर कायमची कोलोस्टोमी ठेवायची. सुरुवातीला शंभरात चाळीसच्या वर माणसं त्या शस्त्रक्रियेतच दगावायची. तरी जे वाचले त्यांना रोग परत होण्याचं प्रमाण खूप घटलं. अगदी खालच्या गाठीसाठी आजही हीच शस्त्रक्रिया करतात आणि तिथे ठेवायचं की काढायचं हा प्रश्नच नसतो.

१९२१ साली पॅरिसच्या आंरी हार्टमनने दुसरा रस्ता दाखवला. गाठ थोडी वर असेल तर तेवढाच भाग काढा, खालचा गुदाशय शिवून आत सोडा, पोटावर कोलोस्टोमी करा. कारण साधं होतं. खालपर्यंत खोदत गेलं की रक्त फार जातं, जखम चिघळते, माणूस मरतो. अशक्त रुग्णाला तेवढा मार झेपत नाही. आमच्या ताईच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. त्या रात्री पोट फुगलेलं, अंगात रक्त नाही. अशा वेळी जीव वाचवायला लागतं तेवढंच करायचं आणि बाकीचं पुढे बघायचं. गुदाशय ठेवला तो कुणाच्या विसरण्यामुळे किंवा काम अर्धवट सोडल्यामुळे नव्हे.

अल्सरेटिव्ह कोलायटिसचा इतिहास वेगळा आणि जास्त खडतर. १९१३ साली अमेरिकेतल्या ब्राऊन यांनी लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून मोठ्या आतड्याला विश्रांती द्यायची पद्धत मांडली. पण लहान आतड्यातून येतं ते पातळ आणि दाहक असतं. तोंडाभोवतीची कातडी सोलून निघायची. १९५२ साली इंग्लंडच्या ब्रायन ब्रुक यांनी आतड्याचं टोक बाहीसारखं दुमडून बोंडासारखं वर ठेवायला सांगितलं, म्हणजे शौच कातडीला न लागता थेट पिशवीत पडतं. शर्टाच्या बाह्या दुमडतो ना, तसंच. इतकी साधी गोष्ट, पण तिच्यामुळे हजारो माणसं कामाला लागली. आज तुम्ही बघाल ती इलिओस्टोमी ब्रुक यांचीच.

पिशवीचं श्रेय मात्र बायकांचं. डेन्मार्कची परिचारिका एलिसे सोरेन्सेन. तिच्या बहिणीला, थोराला, पोटावर तोंड केलं होतं आणि वास येईल, गळेल या भीतीने ती घराबाहेर पडत नव्हती. १९५४ साली एलिसेला चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीची कल्पना सुचली. ती प्लास्टिकच्या एका कारखानदाराकडे गेली. तो फारसा उत्सुक नव्हता, पण त्याची बायको योहाने परिचारिका होती. ह्या पिशवीची किंमत काय, हे तिला कळलं आणि तिने नवऱ्याला तयार केलं. पुढे १९५८ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या रुग्णालयात डॉ. टर्नबुल यांनी नॉर्मा गिल या आपल्याच रुग्ण बाईला, जिला स्वतःला इलिओस्टोमी होती, दुसऱ्यांना शिकवायला नेमलं. स्टोमाची काळजी घेणाऱ्या परिचारिकांचा व्यवसाय तिथून सुरू झाला. हे मला आपल्या गटांसारखं वाटतं. एक बाई शिकते आणि मग शेजारणीला शिकवते.

आतडं काढून माणसं जगायला लागली, तेव्हा राहिलेल्या गुदाशयाचा प्रश्न पुढे आला. काही सर्जनांना तो वाचवायचा होता. लंडनचे स्टॅन्ले एलेट लहान आतडं थेट गुदाशयालाच जोडायचे, म्हणजे पिशवी नको. शेकडो माणसांना त्यांनी खालूनच शौचाला जाता येईल असं केलं. पण वर्षं गेली तसं दिसलं, की काही जणांच्या त्या गुदाशयात कर्करोग होतो. १९६७ साली लंडनच्याच सेंट मार्क्स रुग्णालयातल्या मॉर्सन यांनी दाखवलं, की कर्करोग होण्याआधी आतल्या अस्तराच्या पेशी बदलायला लागतात आणि छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तर ते आधी कळतं. आज डॉक्टर खालून दुर्बीण घालून तुकडा घेतात, ते याच कामासाठी. आजार सुरू होऊन आठ-दहा वर्षं झाली की हा धोका वाढत जातो. पोटावर पिशवी आहे म्हणून खालची तपासणी बंद करायची नाही, हे प्रत्येकीने लक्षात ठेवावं.

दुसरी गोष्ट १९८१ साली नोंदली गेली. शौच जाणं बंद झालेल्या निरोगी आतड्यालाही सूज येते. कारण नंतर कळलं. मोठ्या आतड्यातले जंतू आपण खाल्लेल्या कोंड्या-भाजीच्या चोथ्यापासून काही आम्लं तयार करतात आणि आतड्याचं अस्तर त्यावरच पोसलं जातं. वरून काही आलंच नाही तर अस्तर उपाशी राहतं, सुजतं, त्यातून आव आणि कधी रक्त येतं. आमच्या ताईला वाटायचं, पिशवी असून खालून आव पडतेय म्हणजे ऑपरेशन फसलं. तसं नव्हतं. गुदाशय आत असेपर्यंत तो आव तयार करणारच. अशा वेळी रोज थोडा वेळ संडासात बसावं, ती साचू देऊ नये. पण रक्त वाढलं, दुखायला लागलं, ताप आला, तर अंगावर काढू नये.

आता काढण्याची बाजू. गुदाशय काढला की तिथल्या कर्करोगाची धास्ती संपते, आव थांबते, खालून दुर्बीण घालावी लागत नाही. क्रोन्स नावाच्या आजारात राहिलेला गुदाशय सतत त्रास देत असेल, नळवे होत असतील, तर काढण्याकडेच कल असतो. पण त्याची किंमत आहे. गुदाशय कमरेच्या पोकळीत अगदी खाली, बायकांच्या बाबतीत गर्भाशय आणि योनीमार्गाला टेकून असतो. लघवीच्या आणि संबंधाच्या संवेदना नेणाऱ्या नसा त्याच्या कडेने जातात. त्यांना धक्का लागला तर लघवीचा त्रास होऊ शकतो, संबंधाच्या वेळी दुखू शकतं. गुदाशयाची जागा रिकामी झाल्यावर गर्भाशय मागे कलतं. आत चिकटे धरले तर गर्भनलिका अडतात आणि दिवस राहणं अवघड होतं. म्हणून मूल हवं असलेल्या तरुण बाईला, गुदाशयात धोका दिसत नसेल तर, आधी बाळंतपण होऊ दे असं बरेच सर्जन सांगतात.

हे सगळं घरात कुणी तिला विचारत नाही. नवऱ्यासमोर, सासूसमोर डॉक्टर संबंधांबद्दल बोलत नाहीत आणि ती विचारत नाही. मग 'सही करा' म्हटलं की सही होते. मला याचा राग येतो. डॉक्टरांचा नाही, आपल्या गप्प बसण्याचा. तपासणीच्या खोलीत दहा मिनिटं एकटीने बोलायचं आहे असं परिचारिकेला सांगता येतं.

शस्त्रक्रियाही सुधारली आहे. १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलन पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की कर्करोग नसेल तर बाहेरचा स्नायू तसाच ठेवून त्याच्या आतून गुदाशय सोडवता येतो. जखम लहान राहते, नसांना धक्का कमी लागतो. याच पार्क्स यांनी १९७८ साली निकोल्स यांच्यासोबत लहान आतड्याची थैली शिवून गुदद्वाराला जोडायची पद्धत प्रसिद्ध केली. ती जमली तर पोटावरची पिशवी जाते. पण त्यासाठी खालचा स्नायू शाबूत लागतो. गुदद्वारासकट सगळं एकदा काढून शिवून टाकलं की तो दरवाजा कायमचा बंद. हे आधी कळलं पाहिजे, नंतर नव्हे.

आणि जखम. बसायच्या जागेची जखम भरायला काही आठवडे लागतात, काही जणींना महिने. द्राक्षाची छाटणी उभ्याने होते, पण कांदा लावायला दिवसभर उकिडवं बसावं लागतं. शेळीची धार काढायची तरी बसणं आलंच. ऑपरेशन ऐन लागवडीच्या तोंडावर घेतलं तर आठवड्याभरात घरचे कामाला बोलावणार, हे आपण जाणतो. घाई नसेल तर तारीख शेतीचं बघून मागावी. अजून एक सांगते, म्हणजे घाबरायला नको. गुदाशय काढल्यावरही कित्येकांना परसाकडची कळ आल्यासारखी वाटते. पाय कापलेल्याला पाऊल खाजल्यासारखं वाटतं, तसंच ते. मेंदू जुनी सवय सोडत नाही.

आमच्या ताईची दुर्बीण झाली, तुकडा तपासला, पेशी चांगल्या निघाल्या. तिला दुसरं मूल हवं आहे. तिने सध्या ठेवायचं ठरवलं. दरवर्षी तपासणीची तारीख आम्ही गटाच्या वहीत, कर्जाच्या हप्त्यांच्या पानाशेजारी लिहून ठेवली आहे. तुकड्यात पेशी बदललेल्या निघाल्या असत्या तर तिने काढायचंच ठरवलं असतं आणि मीही तेच म्हटलं असतं. साठीच्या बाईचं, जिला सततच्या आवेचा वीट आलाय, तिचं उत्तर अजून वेगळं असेल. घाई फक्त दोन वेळा असते. तुकड्यात खोट निघाली तर, आणि रक्त-पू थांबत नसेल तर. बाकीच्यांना विचार करायला वेळ असतो आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेता येतं.

मुंबईच्या परळला टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. ज्या रस्त्यावर ते उभं आहे त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचं नाव आहे. त्याच रुग्णालयात आयुष्य घालवलेले ते सर्जन. तिथे स्टोमाचं शिक्षण घेतलेल्या परिचारिका आहेत. पिशवी कशी लावायची, कातडी कशी जपायची हे त्या हाताने करून दाखवतात. नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरलं की परळ जवळच. राहायची सोय नसेल तर दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे बाहेरगावच्या रुग्णांना आणि सोबतच्या माणसांना जागा देतात. मुंबईतच १९७५ पासून ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. तिथे पिशवी असलेली माणसंच नव्या माणसांशी बोलतात. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा. शिधापत्रिका आणि आधार सोबत ठेवा.

डॉक्टरांकडे जाताना पहिल्या ऑपरेशनचा कागद न विसरता न्या. आत गुदाशय किती ठेवला आहे आणि कसा बंद केला आहे, हे त्यावर लिहिलेलं असतं. तो घरी सापडत नसेल तर त्या रुग्णालयाच्या नोंदणी विभागात अर्ज देऊन त्याची प्रत मागता येते.